दादाचं उजवं पाऊल

त्या सकाळी मी दादावर खेकसलेच. "अरे, चहा निवतोय आणि तू अजून लोळतोयस!" दोनदा ओरडले, तिसऱ्यांदा तणतणत त्याच्या खोलीत गेले... हलवायला हात लावला, तर अंग गार. झोपेतच गेला होता. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. भेटायला आलेला जो तो म्हणाला, पुण्यवान माणूस, काही त्रास झाला नाही. मला ते ऐकून संताप येतो. त्रास झाला नाही म्हणे! शेवटची दोन वर्षं त्यानं कशी काढली, ते मला विचारा.

दादा माझा सख्खा मोठा भाऊ. आमचं घर काचीगुड्याला, स्टेशनला इतकं लागून की गाड्यांच्या घोषणा आम्हाला तेलुगूतून पाठ. वहिनी गेली, पुढं माझे हे गेले, मग आम्ही दोघं म्हातारी भावंडं एका घरात राहायला लागलो आणि लहानपणीसारखी भांडायला लागलो. त्याचा मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला, कुकटपल्लीत असतो. त्याला मराठी धड वाचता येत नाही, म्हणून हे सगळं मोकळेपणानं लिहिते आहे.

दादानं जन्मभर दवाखान्यात फोटो काढायचं काम केलं. आधी एक्स-रे, नंतर एमआरआय. माणसाला त्या बोगद्यात सरकवायचं, हलू नका म्हणून बजावायचं आणि काचेपलीकडे बसून पडद्यावर चित्रं उमटताना बघायची. म्हणजे कुणाला काय झालंय हे सगळ्यांत आधी दादाला कळणार, आणि सांगायची मात्र त्याला मनाई. बाहेर आला की नातेवाईक घेरायचे, "साब, कुछ है क्या?" ह्याचं ठरलेलं उत्तर, "रिपोर्ट डॉक्टर साब देते." चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसायचं नाही. माझ्या सासूबाईंचा फोटोही त्यानंच काढला होता. त्या संध्याकाळी आमच्याकडं आला, मिरची भजी खाल्ली, माझ्या भज्यांत मीठ कमी म्हणून टोमणाही मारला. पुढं डॉक्टरांनी कॅन्सर सांगितला तेव्हा मी भडकले, "तुला माहीत होतं!" तर म्हणाला, "तेवढे दिवस तर सुखानं झोपलीस ना?"

नोकरी सुटल्यावर त्याचा एकच शौक होता, चालणं. संध्याकाळ झाली की काचीगुड्याहून सुलतान बाजार, पायी. घ्यायचं काही नाही, दुकानं बघायची, दोन ओळखीचे भेटले की उभ्या उभ्या गप्पा हाणायच्या, परत यायचं. खुब्याचं हाड झिजलं आणि चालणं बंद पडलं. दादा खिडकीत बसून राहायचा, कुणाशी धड बोलायचा नाही. म्हणून तर ऑपरेशन करून धातूचा खुबा बसवून घेतला. चालायला मिळावं, एवढ्याचसाठी.

खुबा झकास बसला. पण उजवं पाऊल काही वर उचलेना. घोट्यापासून खाली नुसतं लोंबतं. मोठे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनच्या वेळी पायाची मोठी नस ताणली गेली असेल, क्वचित होतं असं. नस झोपलीय, जागी होईल. झालं, आम्ही तिच्या जागं होण्याची वाट बघत बसलो. बुटात प्लास्टिकची पट्टी घालून दादा पाय फरफटत घरातल्या घरात चालायचा. पायातली चप्पल निघून मागं राहायची आणि त्याला ते कळायचंही नाही. सणवार आले, गेले. नस काही जागी झाली नाही.

शेवटी दादाच म्हणाला, एमआरआय करू. शेजारच्यांनी मला घाबरवलं, अंगात लोखंड आहे, मशीन ओढून घेईल म्हणे! दादा हसला. "अगं, हा धातू ओढला जात नाही. फोटोत मात्र आपल्याभोवती काळा डाग पाडतो. तो डाग कमी करायची रीत आहे, वेळ जरा जास्त लागतो." मग त्यानं मला नीट समजावलं. नस कशाखाली दाबली गेली असेल, तर पुन्हा उघडून मोकळी करता येईल. तसं काही नसेल तर... एवढं बोलून जुने रिपोर्ट शोधायला उठला.

फोटो काढला फरहानानं, दादाच्या जुन्या दवाखान्यात. ती त्याच्याच हाताखाली शिकलेली, आता तिथली मुख्य. मी बाहेर बाकावर. दादा बऱ्याच वेळानं आला. मी उठून धावलेच, "काय दिसलं रे?" तर हा म्हणतो कसा, "रिपोर्ट डॉक्टर साब देते." मी त्याला तिथंच चार शिव्या हासडल्या. डॉक्टरांकडंही एकटाच आत गेला, मला म्हणाला, तू बस गं. बाहेर येऊन म्हणाला, "नस तुटलेली नाही."

तुटलेली नाही! मला आणखी काय हवं होतं? रिक्षा सुलतान बाजाराकडं वळवली, पेढे घेतले, अख्ख्या गल्लीला वाटले. दादानंही एक खाल्ला, दुसरा मागून घेतला. त्या दिवसापासून मी रोज संध्याकाळी तेल कोमट करून त्याचं पाऊल मांडीवर घेऊन चोळायला लागले. "हललं का रे, दादा?" "हललं गं. थोडंसं." रोज थोडंसं. मला नव्हतं दिसत, पण मला वाटायचं, ज्याचा पाय त्याला आतून कळत असेल.

दादाचे दिवस झाल्यावर फरहाना भेटायला आली. बोलता बोलता मी तिला म्हटलं, आणखी सहा महिने मिळाले असते तर दादा चालला असता. ती डोळ्याला ओढणी लावून म्हणाली, "नहीं आंटी. साब उसी दिन सब देख लिए थे. टेबल पे से उतरे, सीधे मेरी कुर्सी पे बैठे, एक-एक फोटो खुद देखे. नस कहीं दबी नहीं थी, खोलने को कुछ था ही नहीं. पैर का गोश्त चरबी हो गया था, अब कभी नहीं हिलता. मैं बोली, बहन को बता दो. बोले, नक्को... वो तेल लगाती, लगाने दे."

ती गेल्यावर मी दिवासुद्धा लावला नाही. दादाच्या खुर्चीसमोर तेल लावायला बसायचा माझा पाट अजून तसाच आहे. संध्याकाळी मी तिथं जाऊन बसते. रडू येतं, पण त्याआधी राग येतो. अरे, सांगितलं असतंस तर मी काय तेल लावायचं सोडलं असतं? मेलेलं पाऊल म्हणून मांडीवरून खाली ठेवलं असतं? लावलंच असतं रे. ते हलणार नाही, एवढं निदान आपल्या दोघांना मिळून ठाऊक असतं.