फोटोतला मधला माणूस

मी काय काम करते हे आईला सांगून सांगून मी थकले, आणि ऐकून ऐकून आईने स्वतःचंच एक उत्तर तयार केलं. शेजारणींना ती सांगते, "पोर मिलिटरीनं काम करस." त्यामुळे जळगावात आमच्या गल्लीत माझा भलताच दबदबा आहे. कोणी मुलाच्या भरतीसाठी शब्द टाका म्हणतं, तर कोणी कँटीनमधून मिक्सर स्वस्तात मिळेल का ते विचारतं. नाही म्हटलं की त्यांना वाटतं, पोरगी शिष्ट आहे.

खरं काम वेगळंच आहे. दूरच्या एका देशात लष्कराने माणसं उचलून नेली आणि ती परत आली नाहीत, असे आरोप आहेत. माणूस ज्या चौकीवरून नाहीसा झाला ती कोणत्या तुकडीची, त्या वेळी तुकडीचा प्रमुख कोण, त्याच्या वर कोण, ही साखळी आमची छोटीशी संस्था जुळवते. साधनं सगळी उघड मिळणारी. स्थानिक वर्तमानपत्रं, बदल्यांच्या बातम्या आणि मुख्य म्हणजे फोटो. वृक्षारोपण, रक्तदान शिबिर, फीत कापणं. फोटोत यायची हौस लष्करी साहेबांना आपल्या नगरसेवकांइतकीच असते, म्हणून माझं भागतं. मी घरी बसून, कुकरच्या शिट्ट्या ऐकत, परक्या लष्कराची वंशावळ काढते.

गेल्या वर्षी माझ्याकडे एका बाईचं प्रकरण आलं. तिचा तरुण मुलगा बाजारातून घरी येताना चौकीवर अडवला गेला. पुढे त्याचं काय झालं हे कोणीच सांगत नव्हतं. तिच्या वकिलाला दोन गोष्टी हव्या होत्या. एक, ती चौकी कोणाच्या हुकमाखाली होती. दोन, त्या साहेबाला हे माहीत होतं का. हुकूम दिल्याचं सिद्ध करणं फार अवघड, पण माहीत असून तो गप्प बसला असेल तरी जबाबदारी त्याच्यावर येते. बाईंचं मागणं एवढंच होतं की कोणीतरी एकाने उत्तर द्यायला उभं राहावं.

शोधता शोधता त्याच तुकडीचा, त्याच महिन्यातला एक फोटो सापडला. मैदानात खुर्च्यांची रांग, मधोमध गळ्यात हार घातलेला एक गलेलठ्ठ साहेब, दोन्हीकडे ताठ बसलेली माणसं. आणि पार कडेला, कॅमेऱ्याकडे लक्ष न देता, फोन कानाला लावून उभा असलेला एक वाळका माणूस.

तेवढ्यात आबा आले. आबा म्हणजे माझे आजोबा. धुळ्याकडच्या आमच्या गावात भाऊबंदांतली निम्मी लग्नं त्यांनी पार पाडलीत. आमच्याकडे लग्नात सत्काराचा कार्यक्रम असतो. माईकवर नाव पुकारतात, माणूस पुढे येतो, त्याला टॉवेल-टोपी देतात आणि फोटो निघतो. फोटोत मधोमध कोण? तर माजी सभापती, किंवा ज्याचं नाव पुकारलं नाही तर तो वर्षभर तोंड फिरवील असा कोणीतरी पाहुणा. ज्याच्या शब्दावर अख्खं लग्न चाललेलं असतं तो मांडवाच्या खांबाला टेकून फोनवर बर्फाची लादी मागवत असतो. त्याची टॉवेल-टोपी मागाहून घरी पोचते.

आबांनी चष्मा चढवून फोटो बराच वेळ न्याहाळला आणि निकाल दिला. "हाऊ मधला काही कामना नही. तो फोनवाला देख. बठ्ठं त्यानाच हातमा शे."

सगळं त्या फोनवाल्याच्याच हातात, हे मला शंभर टक्के पटलं. लहानपणापासून मी तेच पाहत आले होते ना! मी अहवालात लिहून टाकलं की मधली व्यक्ती सत्काराला आलेली पाहुणी असावी आणि कडेला उभी असलेली व्यक्ती प्रमुख असण्याची दाट शक्यता आहे.

माझ्या वरिष्ठ बाई परदेशात असतात. फार शांत स्वभावाच्या. दुपारी व्हिडिओ कॉलवर त्यांनी विचारलं, हे कशावरून? मी त्यांना टॉवेल-टोपी समजावून सांगितली. इंग्रजीतून टॉवेल-टोपी समजावणं म्हणजे काय शिक्षा असते ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. मधेच त्यांचा कॅमेरा बंद झाला. मला वाटलं नेट गेलं. परत सुरू झाला तेव्हा त्या डोळे पुसत होत्या. मग त्यांनी मला त्याच तुकडीचा दुसरा फोटो दाखवला. त्यात तो वाळका माणूस ॲप्रन बांधून भल्या मोठ्या पातेल्यात डाव फिरवत होता. तो तुकडीचा आचारी होता. फोनवर बहुधा कांदे मागवत असावा.

मी घरात हे सांगितलं तेव्हा आई हसून हसून बेजार झाली. आबा मात्र हार मानायला तयार नव्हते. "मंग? जेवण त्यानाच हातमा व्हतं ना," म्हणाले. मला आधी हसू आलं, मग घाम फुटला. हा अहवाल वकिलापर्यंत गेला असता तर समोरच्यांनी त्या आचाऱ्याला उभं करून बाईंची तक्रार हसण्यावारी नेली असती.

मग मी गपगुमान मधल्या माणसाच्या मागे लागले. लष्करात मधला माणूस खरोखरच मोठा असतो. किती सरळ लोक! त्याचं नाव, हुद्दा, बदलीची तारीख, सगळं जुळलं. चौकी त्याच्याच हुकमाखाली होती. पण माहीत असण्याचं काय? साहेबांनी तिथल्या एका वर्तमानपत्राला आधीच सांगून ठेवलं होतं की असली कुठलीही तक्रार आपल्या कानावर आलेली नाही. या वाक्यापुढे माझं काही चालेना. चिडचिड इतकी की आईने चहा आणला तरी मी वसकन अंगावर जायची.

चौकीजवळच्या गावांतल्या बातम्या चाळताना सार्वजनिक नळाच्या उद्घाटनाचा एक फोटो मिळाला. मुलाला अडवलं त्याच आठवड्यातला. साहेब अर्थातच मधोमध, मान खाली झुकवून हार घालून घेतोय. हार घालणारी बाई पाठमोरी. मी फक्त गाव तेच आहे ना, याची खात्री करायला तो वकिलाकडे पाठवला. त्याने बाईंना दाखवला आणि मला व्हिडिओ कॉलवर घेतलं. दुभाषी मुलगी शब्द न् शब्द सांगत होती.

बाईंनी हार घालणाऱ्या पाठमोऱ्या बाईवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "ही मी आहे."

गावात हार घालायला कोणीच तयार नव्हतं. एरवी साहेबाच्या जवळ जाता आलं नसतं, म्हणून त्या स्वतःहून पुढे झाल्या होत्या. हार घालता घालता त्यांनी त्याच्या कानात मुलाचं नाव सांगितलं, तो तुमच्या चौकीवर आहे म्हणून सांगितलं. कानातल्या कुजबुजीला पुरावा कुठला, म्हणून त्या हे आजवर कोणाला बोलल्या नव्हत्या. मी पुन्हा फोटो पाहिला. हारासाठी झुकलीय असं मी समजले होते ती मान, ऐकायला झुकलेली होती. म्हणजे त्याला माहीत होतं. मला तिथेच रडू फुटलं, आणि मी माइक बंद केला.

वकिलाने हळूच विचारलं, साहेब काय म्हणाला?

"म्हणाला, आधी फोटो होऊ दे."