दवाखान्याच्या जागेला पहिला हात माझा

दिल्लीहून योजना आली होती. तिच्यातून आमच्या गावाला दवाखाना मंजूर झाला. जागा दिली कळमनुरीच्या रस्त्यालगत, दुसऱ्या पार्टीच्या माणसानं, फुकट. तिथंच सगळं अडलं.

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी आमचा पुढारी ओट्यावर येऊन बसला. "आबा, तिथं दवाखाना झाला की पाटी त्यांची लागते. मग इलेक्शनला आपण मेलो."

मला ते बराबर वाटलं. बापापासून आमी त्याच पार्टीचे.

सभेत विचारलं, या जागेला कोणाचा विरोध? पहिला हात मी वर केला. मग बाकीच्यांचे झाले. आमच्या पुढाऱ्यानं ते मोजले.

घरी बायको चुलीपुढं खोकत होती. "काहून केला हात वर?"

"आपल्या गल्लीत आणू की."

"दवाखाना काय पार्टी विचारून सुई टोचतो व्हय? तुमच्या पुढाऱ्याला म्हणावं, माझ्या दम्यालाच तिकीट दे. पक्का निवडून येईल."

मी हसलो. तिचा दमा मला ठाऊक होता, तरी हसलो.

आमच्या गल्लीत जागा निघालीच न्हाई. दवाखाना दुसऱ्या तालुक्याला गेला. मग दोन्ही पार्ट्यांनी एकमेकांच्या नावानं मोर्चे काढले. एका मोर्च्यात झेंडा माझ्याच हातात होता.

यंदा हळद काढायच्या दिवसांत, भर दुपारी तिला धाप लागली. दम्याचा पंप ओढला, धाप उतरेना. शेजारच्या चाचांनी अटो काढला. ती माझ्या खांद्याला टेकून होती. गाव सुटलं आणि ती जागा आली. बाभळी वाढल्यात, शेळ्या चरत होत्या. तिनं बघितलं का न्हाई, माहीत न्हाई. मी बघितलं. कळमनुरी यायच्या आत तिचा हात थंड पडला. डॉक्टर म्हणाला, "अर्धा घंटा आधी ऑक्सिजन मिळाला असता तर..."

तेराव्याला पुढारी आला. "आबा, आता सोडायचं न्हाई. त्यांनी दवाखाना घालवला म्हणून काकू गेल्या. मोर्चा काढू. काकूंचा फोटो द्या."

"हात मी वर केला होता," मी म्हणालो. "मोजणारा तू होता."

तो चहा न पिता उठला.

चार दिवसांनी नाक्यावर बॅनर लागलं. फोटो आमच्याच पार्टीवाल्यांनी मतदार यादीतून काढला होता. वर हात जोडलेले पुढारी, मधी माझी बायको, डोळे अर्धे मिटलेले.

मी विळा घेऊन गेलो आणि तेवढी ती कापून घेतली. लोकं टपरीवर बसून बघत होती. कोणी उठलं न्हाई.