वडिलांच्या डोक्याचा डाग

मराठी तिसरीतच शाळेने माझी परीक्षा पाहून घेतली आणि मला मोकळे केले. एकोणिसाव्या वर्षी रत्नागिरीकडचे घर सोडून मी नाशकात आलो, तेव्हा माझ्यापाशी एक वळकटी होती आणि पोटात कायमची मुक्कामाला आलेली धास्ती. एवढ्या भांडवलावर एका रंगारी मिस्त्रींनी मला हाताशी घेतले. ते मुसलमान, साठीचे, दम्याचे. त्यांनी मला जात विचारली नाही की शाळा का सोडलीस म्हणून विचारले नाही, याचे उपकार मी आजही मानतो. एवढेच म्हणाले, "पहिली भिंत एकट्यानं धुऊन काढ. जमलं तर राहा, नाय तर कोकणची गाडी धर."

घरी परत जाऊन काय सांगणार होतो? भिंत धुता आली नाही म्हणून?

काम होते कोर्टातून पेन्शनीवर आलेल्या एका रावसाहेबांकडे. थोरल्या मुलीला पाहायला पुण्याची मंडळी आठ दिवसांनी यायची होती. रावसाहेबांनी कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यात डिस्टेंपर नावाचा नवा रंग पाहिला होता आणि तेव्हापासून चुना त्यांना खेडवळ वाटू लागला होता. दिवाणखाना पिस्ता रंगाचा झाला की मुलीचा सावळा रंग कुणाच्या ध्यानात येणार नाही, असा त्यांचा हिशेब असावा.

मिस्त्रींनी त्यांना समजावले की जुन्या चुन्यावर हा रंग धरत नाही, पापडासारखा सुटतो. आधी सगळे थर खरवडायचे, भिंत घासायची, धुण्याच्या सोड्याने धुवायची, वाळू द्यायची, मग रंग. रावसाहेबांना हे सारे रंगाऱ्यांनी काम लांबवायला काढलेले शास्त्र वाटले. "रंग लावायचा तर लावा, भिंत सोलता कशाला?" मिस्त्रींनी ते अदबीने ऐकून घेतले आणि खरवडणी माझ्या हातात दिली. स्वतः ते दुसऱ्या कामावर गेले.

त्या घरात आम्हांला पाणी वरून ओंजळीत ओतत. भिंतीला मात्र हंडेच्या हंडे मिळत. तिची जात स्वच्छ होती.

चार भिंतींपैकी बैठकीमागची मी आधी घेतली. गादीवर बसलेल्या माणसाचे डोके जिथे टेकेल तिथे तिच्यावर तळहाताएवढा काळाकुट्ट तेलकट डाग होता. गंमत म्हणजे दर दिवाळीचा चुना त्याच्या कडेकडेने गेला होता, डागाला कुणी कुंचला लावलेला नव्हता. माझ्या आधीच्या रंगाऱ्यांच्या आळसाची मला कीव आली. डागाच्या मधोमध गंधाचा ठिपका होता आणि वर खिळ्याला एक सुकलेले फूल. पोराटोरांचे उद्योग, म्हणून मी फूल काढून टाकले.

त्या डागाशी मी दीड दिवस झुंजलो; धुळीपायी घरातले कुणी दिवाणखान्यात फिरकत नव्हते. सोडा झाला, गरम पाणी झाले, विटेची पूड काथ्याने घासून झाली. तेल थेट गिलाव्यात मुरलेले. शेवटी तेवढा गिलावाच खरवडून काढला आणि खळगा चुना-वाळूने भरून सपाट केला. दुसऱ्या दिवशी दुपारी तिथे डाग होता असे शपथेवर कुणी सांगू शकले नसते. माझी नाशकातली नोकरी पक्की झाली, असे मला वाटले. शाळेने हा गुण ओळखला नाही याचे वाईटही वाटले.

वामकुक्षी आटोपून रावसाहेब बाहेर आले, भिंतीकडे बघत राहिले, आणि म्हणाले, "वडील कुठे आहेत?"

मी नम्रपणे सांगितले की सकाळपासून इथे कुणी वयस्कर गृहस्थ आलेले नाहीत.

मग उलगडा झाला. वडिलांनी तीस वर्षे त्या जागी डोके टेकून वर्तमानपत्र वाचले होते. फोटो काढला की आयुष्य घटते म्हणून त्यांनी कधी फोटो काढू दिला नाही. तेव्हा ते गेल्यावर पितृपक्षात गंधफूल वाहायला घरात उरला तो हा डाग. मी रावसाहेबांच्या तीर्थरूपांना सोड्याने धुऊन काढले होते.

मिस्त्री नेमके तेव्हाच आले. याला आत्ताच्या आत्ता काढा, असे रावसाहेबांनी बजावले. मी मनातल्या मनात वळकटी बांधली. मिस्त्रींनी भिंतीवरून सावकाश हात फिरवला, भरलेल्या जागी बोट थांबवले, आणि म्हणाले, "मीच सांगितलं होतं त्याला. सगळं साफ कर म्हणून."

डागाबद्दल ते माझ्याशी एक अक्षर बोलले नव्हते.

माजघराच्या दारात रावसाहेबांच्या पत्नी येऊन उभ्या होत्या. त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "मामंजींना रोज सांगायचे मी, टेकू नका, तेल लागतं भिंतीला. ते म्हणायचे, मग टाक की पुसून. तुम्हीच कधी हात लावू दिला नाहीत."

रावसाहेबांनी कोर्टात किती जणांना गप्प बसवले असेल कोण जाणे. इथे ते स्वतः बसले. तरी शेवटी म्हणालेच, की माणूस तर काढलाच पाहिजे.

"काढतो," मिस्त्री म्हणाले. "पण मग राहिलेल्या तीन भिंती मला एकट्यानं घासाव्या लागतील. माझा दमा बघता पाहुण्यांना दिवाळीनंतरच बोलवा."

रावसाहेबांनी बराच विचार केला. भिंती होईतो राहू दे, म्हणाले.

बाहेर ओट्यावर मी मिस्त्रींच्या पाया पडू लागलो तर त्यांनी पाय मागे घेतले. "पाया नको पडू. विचारत जा," म्हणाले. "लोकांच्या घरात काय काय असतं."

दुसऱ्या दिवशी मी समोरची भिंत घेतली. खिडकीखाली वीतभर काळपट डाग होता. मी खरवडणी खाली ठेवली, रावसाहेबांना आतून बोलावून आणले आणि हात जोडून विचारले, "हे आपले कोण?"

"ओल आहे ती," रावसाहेब म्हणाले. "काढ."