कुलूपबंद केबिनमधली घंटी

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी जळगावात एका पाइप कारखान्याच्या ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर होते. माझ्या बोर्डवर बारा टेबलांचे फोन. दिवसभर सगळ्यांना सगळ्यांशी जोडून द्यायचं, आणि मला विचारणारं? कुणी नाही! संध्याकाळी खोलीवर गेले की स्टोव्हचाच काय तो आवाज.

फक्त शुक्रवारी चार वाजता पारोळ्याहून माझ्या वडिलांचा, आबांचा, फोन यायचा. आई गेल्यापासून तेही एकटेच. एसटीडीच्या दुकानातून दोन मिनिटं बोलायचे. त्या मे महिन्यात मी हट्टच धरला, "आबा, माझ्याजवळ राहायला या." ते म्हणाले, "येत्या शुक्रवारले सांगसू." तो आठवडा सरता सरेना.

शुक्रवारी कारखान्याला सुट्टी आणि वीजही बंद. फोन घ्यायला म्हणून ऑफिसात मी एकटी. अशा वेळी बोर्ड ट्रकच्या दोन जुन्या बॅटऱ्यांवर चालायचा. इलेक्ट्रिशियनने बजावलं होतं, "ताई, हे बाराही फोन मिळून फार वीज खात नाहीत. पण त्यावर दुसरं काही जोडू नका."

पण जळगावचा मे! अंगाची नुसती लाही होत होती. ट्रकच्या केबिनमध्ये लावतात तो छोटा पंखा मी एका ड्रायव्हरभाऊंकडून मागून आणला होता. त्याचे चिमटे सकाळीच बॅटरीला लावले. म्हटलं, एवढासा पंखा, तो काय खाणार? खाल्लं की मेल्याने! चारला दहा मिनिटं कमी असताना पंखा मंदावला, बोर्डवरचे दिवे विझले.

आणि बरोबर चारला साहेबांच्या केबिनमध्ये घंटी वाजली.

बोर्ड बंद पडला की बाहेरची लाइन आपोआप त्या एका फोनला जोडली जायची. त्या फोनला आमची वीज लागतच नाही, टेलिफोन एक्सचेंजमधूनच तारेतून येते. केबिनला कुलूप, आणि किल्ली साहेबांच्या खिशात.

मी कडी हिसडली, दारावर बुक्क्या मारल्या. "आबा, मी इथंच आहे!" असं त्या दाराला ओरडलेसुद्धा. वेडीच मी. घंटी थांबली, परत वाजली, परत थांबली. तिसऱ्यांदा बराच वेळ वाजली. मग मी तिथेच फरशीवर बसून ढसाढसा रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने पारोळा गाठलं. घरात आबांची ट्रंक उघडी, रिकामी. धोतरं परत दोरीवर टाकलेली.

"यायचं ठरवलं होतं ना तुम्ही?"

"ठरायेल व्हतं. तीनदा फोन लावा. तू उचला नही."

"आबा, लाइट नव्हती हो! बोर्ड बंद पडला माझा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. राग असता तर बरं झालं असतं.

"लाइट नव्हती, मंग घंटी कशी वाजनी?"

मी बॅटरी सांगितली, पंखा सांगितला, एक्सचेंजची तार सांगितली, कुलूप सांगितलं. बोलता बोलता माझं मलाच ते थापा मारल्यासारखं वाटायला लागलं.

"जाऊ दे, माय," आबा म्हणाले. "तुले काम ऱ्हास. माले समजस."

पुढे किती विनवण्या केल्या, पण ते जळगावला राहायला काही आले नाहीत.