बघितलं की तो आवाज करतो

आपली लेक नेमकं काय काम करते, हे छबूबाईंना अजूनही नीटसं कळलेलं नाही. पिंपळे गुरवातल्या त्यांच्या दारात कुणी चौकशी केली की त्या सांगतात, "ल्हान पोरांच्या दवाखान्यात हाय." मग आत येऊन पूनमला हळूच विचारतात, "आगं, तान्ह्या पोराला मन आस्तंय व्हय? आमी पाच जणं वाढवली, कुनाचं मन न्हाई बघितलं." पूनम हसते आणि विषय बदलते. समजावून सांगायला गेलं तर तिलाही ते दोन वाक्यांत जमत नाही.

पूनम छत्तीस वर्षांची. आधी ती एका कंपनीत कामगारांच्या रजेचे अर्ज बघायची. त्या कामाला कंटाळून तिने मानसशास्त्राचं शिक्षण पुरं केलं आणि पिंपरीतल्या एका संस्थेत लागली. बाळंतपणानंतर मनाने खचलेल्या बायका आणि त्यांची तान्ही मुलं, अशा दोघांवर मिळून उपचार करायचे, हे तिथलं काम. मंगळवारी आणि शुक्रवारी ती स्कूटरवरून चाकणजवळच्या खराबवाडीला जायची. तिथल्या अंगणवाडीची मागची खोली संस्थेला वापरायला मिळाली होती. एक सतरंजी, दोन उशा, एक खुळखुळा. आई आणि बाळ सतरंजीवर बसायचे, पूनम त्यांच्यासमोर बसायची आणि तासभर त्या दोघांत काय चाललंय ते बघायची. पाहणाऱ्याला वाटावं, ही बाई रिकामी बसलीय.

करिष्माला तिच्याकडे अंगणवाडीच्या सोजरबाईंनी पाठवलं. पोरगी बावीस वर्षांची, माहेर-सासर दोन्ही केज तालुक्यातलं. नवरा नवनाथ एका कंपनीत कंत्राटावर होता. मुलगा गणराज, पाच महिन्यांचा. सोजरबाई म्हणाल्या होत्या, "पोराचं वजन वाढत नाही ते एक, पण तो कुणाकडं बघून हसतच नाही हो. रडतही नाही. एवढं शहाणं पोर मी आजवर पाहिलं नाही, आणि मला ते बरं वाटत नाही."

पहिल्या दिवशी पूनमने पाहिलं ते असं. करिष्मा बाळाला पाजत होती आणि बघत होती भिंतीवरच्या तक्त्याकडे. गणराज पीत होता आणि बघत होता छताच्या पंख्याकडे. दोघं इतकी जवळ होती आणि एकमेकांच्या वाटेत कुठेच नव्हती. पूनमने खुळखुळा वाजवला, तेव्हा बाळाने मान वळवली, क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा पंख्याला नजर लावली.

तीन आठवडे करिष्मा फारसं बोललीच नाही. चौथ्या आठवड्यात पूनमने सहज विचारलं, "घरी याच्याशी बोलतेस का गं?"

"नाही मॅडम."

"का?"

करिष्माने पदराशी चाळा केला. "बघितलं की तो आवाज करतो. म्हणून मी बघतच नाही."

मग हळूहळू सगळं कळलं. दहा बाय दहाची खोली. नवनाथची तिसरी शिफ्ट असली की तो सकाळी येऊन झोपायचा. मशीनवर उभा राहणारा माणूस, झोप झाली नाही तर हात जायचा धोका. एकाची दोन बोटं गेलेली नवनाथने डोळ्यांनी पाहिली होती. बाळ रडलं की तो ओरडायचा नाही, नुसता उठून बसायचा आणि डोकं धरायचा. ते करिष्माला बघवायचं नाही. सुरुवातीला ती गणराजला घेऊन जिन्यात जाऊन बसायची, पण तिथे शेजारणी कुरकुरायच्या. मग तिने आपल्या परीने उपाय शोधला. त्याच्याकडे बघायचं नाही, बोलायचं नाही, हसायचं नाही. बाळाला कुणाची चाहूलच लागली नाही, तर ते गप्प राहतं. दोन महिन्यांत गणराजही शिकला.

"मग मलाच भीती वाटायला लागली," करिष्मा म्हणाली. "तो कुणाचा तरी दुसऱ्याचा असल्यासारखा."

पूनमने तिला काही उपदेश केला नाही. "इथे कुणी झोपलेलं नाही," एवढंच म्हणाली. "इथे तो हवा तेवढा आवाज करू दे."

सातव्या आठवड्यात गणराजने करिष्माच्या मंगळसूत्राची वाटी मुठीत धरली आणि सोडेना. ती सोडवायला म्हणून करिष्माने मान खाली घातली, तर त्याचे डोळे तिच्या डोळ्यांवर. तिने नजर काढली नाही. "काय रे," ती पुटपुटली, "काय पायजे तुला?" त्याने ओठ हलवले आणि घशातून एक लांबलचक आवाज काढला. करिष्मा आधी दचकली, दाराकडे बघितलं, मग तोच आवाज तिने त्याला परत करून दाखवला. त्याने पुन्हा काढला. तो सगळा तास त्या दोघांचं तेच चाललं होतं. त्या दिवशी स्कूटर चालवताना तिला चाकणच्या चौकातली ट्रकची रांगही सुसह्य वाटली.

त्यानंतरच्या शुक्रवारी करिष्माने ते सांगितलं.

बाळ सतरंजीवर झोपलं होतं. करिष्मा त्याच्याकडे बघतच म्हणाली, "मी त्याला आंघोळ घालत नाही मॅडम. ओल्या फडक्यानं पुसून काढते. खोलीमागं पाण्याचा ड्रम हाय. एकदा त्याला धुताना वाटलं, हात सोडावा. आतून कुणी म्हणाल्यासारखं झालं. तेव्हापासून मी ड्रमजवळ त्याला नेतच नाही." मग ती म्हणाली, "हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आज हलकं वाटायलंय."

पूनमला ठाऊक होतं की असे विचार कितीतरी आयांच्या मनात येतात, आणि ज्या आईला त्यांची भीती वाटते ती बाळाला जपतच असते. ड्रमपासून लांब राहणारी ही पोरगी गणराजला जपत होती. तरी तिने विचारायचे ते सगळे प्रश्न विचारले. जीव द्यावासा वाटतो का, आवाज ऐकू येतात का, तो विचार पुन्हा आला का. सगळ्याला नाही असं उत्तर आलं. पण संस्थेचा नियम स्पष्ट होता. बाळाच्या जिवाशी संबंधित काही निघालं, तर वरिष्ठांना कळवायचं आणि घरातल्या एका माणसाला सांगायचं.

"मला हे माझ्या वरिष्ठांना सांगावं लागेल करिष्मा. आणि घरी एकाला."

करिष्माचा चेहरा उतरला. "सासूबाईंना नको."

"नाही. फक्त नवनाथदादांना. मी नीट सांगेन."

पूनमने वरिष्ठ स्वप्नालीताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "तुझं निदान बरोबर वाटतंय. पण उद्या काही झालं तर? सांगावं तर लागेलच." सोमवारी नवनाथ दुसऱ्या शिफ्टला जाण्याआधी कंपनीजवळच्या चहाच्या टपरीवर भेटला. काटकुळा, नम्र मुलगा. पूनमने अर्धा तास समजावलं. हा आजार आहे, बरा होतो, तिला एकटं सोडू नका, बाळाला तिच्यापासून तोडू नका. तो मान डोलवत होता. चहा तसाच गार झाला. शेवटी त्याने विचारलं, "म्हंजे ती त्याला मारणार होती?"

"नाही. तेच सांगतेय मी. ती घाबरली होती."

"हां," तो म्हणाला. पण त्याच्या कानात ड्रमचं ते पहिलंच वाक्य अडकून बसलं होतं, हे पूनमला दिसत होतं.

गुरुवारी सोजरबाईंचा फोन आला. नवनाथची आई गावाहून आलीय, नातवाला घेऊन निघालीय.

पूनम करिष्माच्या खोलीवर पोचली तेव्हा मंजुळाबाई पिशव्यांना गाठी मारत होत्या. बाई दुष्ट नव्हती. रात्रभर बसमध्ये बसून डोळे सुजलेले. गणराज त्यांच्या खांद्यावर होता आणि त्यांचा कान ओढत होता.

"मावशी, बाळाला नेऊ नका. आत्ताच कुठे दोघांचं जुळायला लागलंय. न्यायचंच असेल तर करिष्मालाही न्या."

"तिच्यापासूनच तर वाचवायलेय की लेकराला." मंजुळाबाईंच्या आवाजात राग नव्हता. "तुमीच सांगितलं ना नवनाथला?"

"मग तुम्ही इथे राहा महिनाभर."

"मालक अंथरुणाला खिळलेत बाई. त्यांचं हागणं-मुतणं कोण काढंल? आणि ही तिकडं आली तर ह्याला डबा कोण देईल? तुमी काय करताव ते सांगा. तुमी रातंदिस बसताव का हिच्यापाशी?"

आठवड्यातून दोन तास, हेच पूनमचं सगळं देणं होतं. नवनाथ दारात पाठमोरा उभा होता. बाळाच्या आजीला बाळ नेण्यापासून अडवणारा कुठलाही कागद, कुठलाही अधिकार तिच्याकडे नव्हता.

करिष्मा कोपऱ्यात गणराजच्या टोपड्यांच्या घड्या घालत होती. एकेक घडी हाताने दाबून सारखी करत होती. सगळे कपडे पिशवीत भरून झाल्यावर तिने पिशवी सासूकडे दिली. पूनमकडे तिने एकदाच पाहिलं. "तुमी म्हणालात म्हणून बोलले मी," ती म्हणाली. ओरडली नाही, रडली नाही. गणराजने जाताना मागे वळून एक लांब आवाज काढला. करिष्माने उलट आवाज केला नाही.

पुढच्या मंगळवारी ती आली, तेव्हा छाती कापडाने घट्ट बांधलेली होती. दूध आटवायला शेजारणीने सांगितलं होतं. सतरंजीवर ती एकटी बसली. पूनमने सांगितलं की दूध काढत राहा, आपण बाळाला परत आणू, मी सासूबाईंशी बोलेन. करिष्मा हो म्हणाली. पूनमने मंजुळाबाईंना चार वेळा फोन केले. स्वप्नालीताईही बोलल्या. संस्थेच्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली की आईपासून बाळाला धोका नाही. नवनाथने ती चिठ्ठी खिशात ठेवली आणि म्हणाला, "मॅडम, कागद ठीक हाय. पण माझी छाती होईना."

गोळ्या चालू झाल्या. तीन महिन्यांनी करिष्मा एका पॅकिंगच्या कामाला लागली. झोप लागत होती, भूक लागत होती. तपासणीच्या प्रश्नावलीत तिचे गुण इतके सुधारले की नियमाप्रमाणे फाइल बंद करावी लागली. शेरा होता, 'समाधानकारक प्रगती'. त्याखाली सही पूनमची होती.

शेवटच्या भेटीत करिष्माने तिला मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. गणराज आता अकरा महिन्यांचा, गुटगुटीत, आजीच्या मांडीवर बसून खदाखदा हसत होता.

"चांगलाय ना?" करिष्माने विचारलं.

"चांगला आहे."

"मी फोनवर हाक मारली की तो आजीच्या तोंडाकडं बघतो. कोण बोलायलंय, असं." तिने मोबाइल बंद केला. "दिवाळीला आणतील म्हणालेत. आले की मी जवळ नाही घेणार लगेच. घाबरंल तो."

दिवाळीला कुणी आलं नाही. नवनाथच एकटा दोन दिवस गावी जाऊन आला. संक्रांतीच्या सुमारास त्याचं कंत्राट संपलं आणि दोघं खोली सोडून रांजणगावच्या बाजूला गेली. करिष्माचा नंबर लागेनासा झाला.

पूनम अजून मंगळवारी-शुक्रवारी खराबवाडीला जाते. आता ती नव्या आईला पहिल्याच दिवशी, काही विचारायच्या आधी सांगते की कोणती गोष्ट माझ्यापाशी राहील आणि कोणती मला घरी सांगावी लागेल. हे सांगणं प्रामाणिक आहे, स्वप्नालीताईंनीही त्याचं कौतुक केलं.

गेल्या महिन्यात नाणेकरवाडीची एक मुलगी आली होती, मांडीवर दोन महिन्यांची लेक. ती म्हणाली, "मॅडम, एक विचारायचं होतं, मनात सारखं काहीतरी येतं..." पूनमने तिला थांबवून ते सगळं सांगितलं. मुलीने नीट ऐकून घेतलं. मग लेकीचं दुपटं सारखं केलं.

"राहू द्या मग," ती म्हणाली. "तसं काही नाही."

पूनमने परत विचारलं, वेगळ्या शब्दांत विचारलं, थांबून राहिली. मुलगी तक्त्यावरची चित्रं बघत बसली. तास संपला तशी ती उठली, चप्पल घातली आणि लेकीला घेऊन उन्हातून निघून गेली. पुढच्या मंगळवारी ती आली नाही.