डावा हात

म्हातारी माणसं का पडतात हे बघायला दवाखान्यातले लोक आमच्या मळ्यात आले होते. त्यांनी माझ्या दोन्ही मनगटांना काटे नसलेल्या घड्याळासारखे पट्टे बांधले. झेंडू तोडताना, भाकऱ्या थापताना, झोपेतसुद्धा ते हातात होते. आठवड्याने काढून नेले आणि मग मला नाशिकला बोलावलं. सून सोबत आली.

डॉक्टरीण माझ्या नातीच्या वयाची. तिने संगणकावर रेघांचा गुंता दाखवला. माझ्या वयाच्या पुष्कळ बायकांचं चालणं त्यात मांडलं होतं. करड्या रेघांचा एक घोळका, आणि खाली एकटी लाल रेघ. ती माझी.

“म्हणजे मी हळू चालते?”

“चाल चांगली आहे, आजी. ही रेघ हातांची आहे. चालताना उजवा हात पुढे-मागे होतो, डावा जवळजवळ होतच नाही.”

मी हसले. “अगं, गंगेवर, गोदाकाठच्या बाजारात फुलं नेताना जन्मभर डाव्या हाताने डोक्यावरची पाटी धरली. तो कशाला झुलेल? बिनकामाचा उजवाच होता.”

सून हसली. डॉक्टरीणही हसली. मग म्हणाली, “आता पाटी नाहीये. जरा बाहेर चालून दाखवता?”

चालले. परत फिरले तेव्हा सुनेच्या तोंडावरचं हसू गेलं होतं.

माझ्या थोरल्या बहिणीचं असंच सुरू झालं होतं. आधी एक हात गप्प झाला. मग बोटं थरथरू लागली, मग पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले. शेवटी मी तिला चमच्याने पेज भरवायचे आणि ती हनुवटीवरून ओघळायची. तिला सगळं कळत होतं. तेच वाईट होतं.

डॉक्टरीण म्हणाली, नुसत्या रेघांवरून काही ठरत नाही, अजून तपासू.

मळ्यात आल्यावर सुनेला बांधावर उभं केलं. “मागून बघ. हलतो का?”

चालून वळले.

“हलतोय ना, आई. लय नाय, पण हलतोय.”

“एरवी नुसती ‘अहो’ म्हणून हाक मारतेस. आज आई झाले का?”

ती रडायला लागली. मी म्हटलं, “रडू नको. तपासणीला कधी जायचंय ते नीट लक्षात ठेव.”

संध्याकाळी दोघी माळा ओवायला बसलो. डाव्या हातात फूल धरायचं, उजव्याने सुई घालायची. फूल धरवत होतं. तरी प्रत्येक फुलाला मी बोटांकडे बघत होते, थरथरली तर कळावं म्हणून. सून समोर बसली होती. तीही स्वतःच्या माळेकडे बघत नव्हती.