ताईंच्या हवेची ट्यूब

माझ्या मोठ्या साडभाऊंइतका ट्यूबवर जीव टाकणारा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात सापडणार नाही. कचेरीतून निवृत्त झाल्यावर लोक योगासनं करतात. यांनी डर्ट बाईक घेतली आणि कळंबपलीकडची माळरानं तुडवायला सुरुवात केली. नवी ट्यूब त्यांना खपत नसे. "नवी ट्यूब म्हंजे नवा जवाई. कवा रुसून बसंल, सांगता येत नाही," म्हणायचे. टायर बदलताना जुनीच ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे पाहायचे, हवा भरायच्या वॉलच्या बुडाशी रबर तडकलंय का ते नखानं तपासायचे आणि पास झाली की तान्ह्या बाळासारखी तिला पावडर लावायचे. मग हातपंपानं हवा भरायच्या ताई, म्हणजे त्यांची बायको, माझी मेव्हणी. फेरीला त्याच मागे बसत, आणि फाटकाशी परतल्यावर साडभाऊ न चुकता म्हणत, "उतर, आलं घर."

ताई गेल्या. त्यांनी शेवटची भरलेली एक ट्यूब मागच्या खोलीत खुंटीवर राहिली. बाकीच्या ट्यूबा काही दिवसांत मलूल होऊन लोंबायच्या. ही मात्र वर्षं उलटली तरी टणक. मी एकदा बोटानं दाबली, तर कोमट लागली. त्या खोलीत ऊन येत नाही. मी हात पँटला पुसला, का ते मला माहीत नाही.

"हात नको लावू," दारातून साडभाऊ म्हणाले. "तिची हवा आहे ते."

ताईंच्या तिथीला ते ती ट्यूब गाडीवरून फिरवून आणत. गेल्या खेपेला मी मागे बसलो, फुगलेली ट्यूब दोघांच्या मधे पोटाशी धरून. माळावर मागचं चाक पंक्चर झालं. आतली ट्यूब वॉलपासूनच फाटली होती, ठिगळ लागण्यासारखी नव्हती. ऊन उतरत होतं, फोनला रेंज नव्हती आणि त्या बाजूला वाघ फिरतो अशी बोलवा होती. चाकात बसेल अशी एकच ट्यूब जवळ होती, आणि बसवायची तर तिची हवा सोडावी लागणार होती.

"राहू द्या, साडभाऊ. चालत जाऊ."

"कायले? घरी तुही बायको वाट पाहून राह्यली असंल. तुही ताई मलेच रागावंल."

त्यांनी वॉलची पिन काढली आणि वॉल तोंडात धरला. हवेचा आवाज येतच राहिला, ट्यूबमध्ये मावेल त्याहून कितीतरी जास्त वेळ. सगळीकडे पावडरचा वास पसरला. ट्यूब लुळी पडल्यावर त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. त्यांनी चाक बसवलं, मी पंप मारला. कशावरही तासभर बोलू शकणारा हा माणूस घरापर्यंत एक अक्षर बोलला नाही. मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. आता आमच्या मधे काहीच नव्हतं, तरी जागा पुरत नव्हती. सीट संपेपर्यंत मी मागे सरकत गेलो.

फाटकाशी गाडी थांबली. साडभाऊंनी तोंड उघडलं.

"उतर," ते हळूच म्हणाले, "आलं घर."

मी उतरायला निघालो, तर त्यांनी हात मागे करून मला अडवलं. "तू थांब. तिले उतरू दे."

मी थांबलो. या माणसाची थट्टा करण्यात माझा जन्म गेला. पण आजही त्यांच्या मागे बसताना मी मधे जागा सोडूनच बसतो.